पुढच्या चाकाचा चिमटा

प्रत्येक घरात एखादी अशी वस्तू असते, की जी सर्वांना ठाऊक असते आणि जिच्याविषयी कोणीच बोलत नाही. आमच्या घरात ती वस्तू परसातील पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. १९८४ सालापासून उभी होती. दर दिवाळीच्या आधी परसाची झाडलोट होई, ताडपत्रीवरची धूळ झटकली जाई. परंतु ताडपत्री उचलून आत पाहण्याचे कोणी मनात आणीत नसे. आम्ही तर नाहीच नाही. त्याचे कारण पुढे येईल.

गेल्या मे महिन्यात पुण्यास नोकरीला असलेला आमचा पुतण्या रजेवर बेळगावास आला आणि आल्या दिवशीच त्याने ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या. आत येझदी होती. दिवा काढलेला, पुढचे मडगार्ड चाकापासून बरेच वर बांधलेले, चाकांना बटण टायर, आणि टाकीवर हाताने रंगवलेला २७ हा आकडा. आमचे वडीलबंधू दादा, म्हणजे त्या गाडीचे मालक, व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचीत बसले होते.

“बाबा, ही मी चालू करणार आणि माळावर फिरवणार,” पुतण्या म्हणाला.

दादांनी वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा काढला आणि म्हणाले, “बघूया की.” वहिनी काही न बोलता आत निघून गेल्या. आम्हीही काही बोललो नाही.

येथे त्या गाडीची थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. जावा हे नाव मूळ चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध केले. तीच गाडी १९६१ सालापासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली, पुढे ‘येझदी’ या नावाने विकली जाऊ लागली, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. ज्या खटक्याने गाडी सुरू करायची, तोच पुढे वळवून गिअर पाडायचे, ही तिची खूण अजून अनेकांच्या डाव्या पायाला आठवत असेल.

ही गाडी रस्त्यासाठी केलेली. परंतु त्या काळी आपल्या देशात मातीतल्या शर्यतीसाठी वेगळी गाडी सामान्य माणसाला मिळणार कोठून? म्हणून हौशी तरुण रस्त्याचीच गाडी घेत, तिचे अंगावरचे सर्व दागिने उतरवीत, आणि तिला माळावर सोडीत. तिच्या मूळ मुलखात मात्र मातीतल्या शर्यतींची परंपरा मोठी होती. चेझेड या चेक गाडीवर बेल्जियमच्या ज्योएल रोबेर याने १९६४ साली अडीचशे सीसीच्या मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळवले. दादांनी त्याचे चित्र कोठल्याशा इंग्रजी मासिकातून कापून पडवीच्या भिंतीला चिकटवले होते. ते चित्र गेले. खळीचा डाग अजून आहे.

आता चिमट्याविषयी. सायकलचे पुढचे चाक ज्या दोन दांड्यांत बसते त्याला आपण चिमटा म्हणतो. मोटारसायकलचा चिमटाही तोच, मात्र तो ताठ नसतो. प्रत्येक पायात दोन नळ्या असतात. वरची गुळगुळीत, क्रोमचा मुलामा दिलेली नळी हँडलाखालच्या पट्ट्यांत, ज्यांना कारागीर ‘टी’ म्हणतात त्यांत, घट्ट आवळलेली असते. खालची जाड नळी चाकाला जोडलेली असते, आणि चाक वर उसळले की ती वरच्या नळीवर सरकते. आत लांब स्प्रिंग असते आणि तेल असते. तेलाच्या जोरावर धक्का जिरवणारा असा चिमटा विक्रीच्या गाडीवर प्रथम आणला तो बीएमडब्ल्यूने, १९३५ साली, आर १२ या गाडीवर.

सामान्य समजूत अशी, की धक्का स्प्रिंग खाते. अर्धेच खरे आहे. स्प्रिंग धक्का घेते. परंतु घेतलेला धक्का ती ठेवून घेत नाही, लगेच परत करते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी खड्ड्यात बसेल आणि तितक्याच वेगाने वर उसळेल, पुन्हा बसेल, पुन्हा उसळेल. परत येणारा तो जोर जिरवण्याचे काम तेलाचे. नळी वरखाली होताना तेलाला लहान लहान छिद्रांतून जावे लागते, त्यात त्याचे घर्षण होते, आणि धक्क्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पाय दोन, म्हणून तेलाचे कामही दोन्ही पायांनी वाटून घेतलेले. एका पायात तेल नसेल, तर गाडी जागेवर दाबून पाहणाऱ्या अडाण्याला काही वावगे वाटणार नाही. माळावरच्या उडीत मात्र ते वाटल्यावाचून राहत नाही.

पुतण्याला चिमटा दुरुस्त करायचा नव्हता, बदलायचा होता. त्याने दादांपुढे मोबाईलवर चित्रे धरली. आजच्या मातीतल्या गाड्यांचा चिमटा उलटा असतो, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक नळी खाली. जेथे वाकवणारा ताण सर्वांत अधिक, तेथे जाड नळी आल्याने तो वळत-वाकत नाही. त्याचे चाकही किती वर यावे? सुमारे बारा इंच. आमच्या येझदीचे पुढचे चाक वीतभरही वर येत नाही. हा पालट झाला तो मुख्यतः १९७० नंतरच्या दशकात. १९७३ साली हाकान आंदेर्सोन या स्वीडिश स्वाराने मागे एकच धक्काशोषक असलेल्या यामाहावर अडीचशेचे जगज्जेतेपद मिळवले, आणि तेव्हापासून चाकांची उसळी वर्षागणिक वाढत गेली.

“मग तसाच बसवूया ना, बाबा. सेकंडहँड मिळतो.”

दादांनी चित्र नीट पाहिले. मग शांतपणे म्हणाले, “चिमटा चांगला आहे. पण तो कोणाच्या मानेवर बसवणार? चिमटा लांब झाला की गाडीचं तोंड वर जाणार, चिमटा पुढं कलणार, हँडल जड होणार. आणि तो वाकत नाही म्हणतोस, तर तो ताण जाणार कुठं? सगळा या जुन्या चासीच्या मानेवर. ती मान तेवढ्यासाठी केलेली नाही. आधी आहे ते नीट कर. नीट केलेलं कसं चालतं ते बघ. मग ठरव.”

ही भाषा आमच्या दादांना शोभते. त्यांची सारी नोकरी उद्यमबागेतील एका कारखान्यात गेली. आमच्या गावाला ओतकामाचे आणि लेथकामाचे गाव म्हणण्याइतके कारखाने त्या वसाहतीत आहेत. दादा प्रथम तेथे ओतीव कामावर होते. १९८४ साली डावा खांदा मोडला, जुळला. पण हात खांद्याच्या वर जाईना. अवजड काम सुटले आणि त्यांना तपासणी विभागात बसवण्यात आले. पुढे ते तीस वर्षे डायल गेज आणि मायक्रोमीटर घेऊन इतरांच्या कामातील चुका मोजत बसले. चूक मोजावी, चूक करणाऱ्याला मोजू नये, असे ते म्हणत. आम्ही ते वाक्य अनेकदा ऐकले आणि प्रत्येक वेळी मान खाली घातली.

कामाला आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आले. सत्तरीचे गृहस्थ, येझदीच्या आवाजावरून तिचा आजार सांगणारे. त्यांनी पुढचे चाक अधांतरी राहील अशी गाडी ठोकळ्यांवर उभी केली आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवले. मधोमध ते किंचित अडले. “बॉल रेसर गेलाय,” मिस्त्री म्हणाले. हँडलाच्या मानेतील पोलादी गोळ्या आपल्या वाटीत खड्डे पाडतात, आणि हँडल सरळ असताना त्या खड्ड्यांत बसतात. मग त्यांनी क्रोमच्या नळीवरून नख फिरवले. जेथे नख अडते तेथे गंजाचा खड्डा. आणि जेथे खड्डा, तेथे तेलाचे सील प्रत्येक उसळीला फाटत जाणार. नवे सील घालून जुनी नळी तशीच ठेवणारे पुष्कळ असतात. महिन्याभरात त्यांचा चिमटा पुन्हा गळू लागतो आणि ते सील बनवणाऱ्याला दोष देतात.

“तेल काढूया आधी,” मिस्त्री म्हणाले. “दोन भांडी द्या.”

पुतण्याने दोन जुन्या वाट्या आणल्या. मिस्त्रींनी प्रत्येक पायाच्या तळाचा स्क्रू सोडला. उजव्या पायातून काळे, दाट, कुजका वास येणारे तेल संथपणे गळू लागले. वाटी पाऊण भरली. डाव्यातून दोन चमचे तांबूस पाणी आले आणि थांबले.

“डाव्याचं सील कुजलं असणार,” मिस्त्री म्हणाले. “एवढी वर्षं झाली. गळून गेलं.”

हे ऐकून आम्हांला सुटल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे. चाळीस वर्षांनी एका जाणत्या कारागिराने, न मागता, आमच्या बाजूने साक्ष दिली होती. परंतु नजर फरशीकडे गेली. गाडी जेथे इतकी वर्षे उभी होती, तेथील शहाबादी फरशीवर पुढच्या चाकाच्या उजव्या अंगाला तेलाचा काळा डाग होता. डाव्या अंगाला फरशी कोरी होती. जे आत कधी नव्हतेच ते गळणार कोठून? दादांनीही फरशीकडे पाहिले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही.

आता ते सांगतो. १९८४ च्या त्या शनिवारी दादा दुसरी पाळी करून रात्री घरी यायचे होते. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर हौशी मंडळींची शर्यत होती. आम्ही तेव्हा अठरा वर्षांचे. दादांनी कामावर जाताना सांगितले होते, “दोन्ही पायांचं तेल काढ, नवं मापानं भर. मापानं.” एकच बाटली तेल आणून ठेवली होती. आम्ही दोन्ही पाय रिकामे केले आणि उजवा मापाने भरला. तेवढ्यात वीज गेली. अंधारात बाटलीला धक्का लागला आणि उरलेले तेल फरशीवर सांडले. दुकाने बंद झालेली. बाहेर मित्र हाका मारीत होते. थिएटरात रात्रीचा खेळ होता. आम्ही चुलीतली राख आणून तेलावर टाकली, फरशी पुसली, डाव्या पायाचे वरचे नट आवळले आणि हँडल दोनदा दाबून पाहिले. गाडी खाली गेली, वर आली. ‘स्प्रिंग तर आहे,’ असे मनाशी म्हणून आम्ही सिनेमाला गेलो. सकाळी दादांना सांगण्याचा धीर झाला नाही.

तिसऱ्या फेरीत उंचवट्यावरून उडी घेऊन दादा खाली आले. पुढचे चाक टेकले, चिमटा तळाला आपटला, आणि तितक्याच जोराने उसळून हँडल त्यांच्या हातांतून सुटले. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे होतो. खांदा मोडल्याचा आवाज आम्हांला ऐकू आला असे अजून वाटते, जरी इंजिनांच्या त्या गदारोळात तो ऐकू येणे शक्य नव्हते. इस्पितळात दादांनी सर्वांना एकच सांगितले, “उडी चुकली.” पुढेही कोणी विचारले की तेच: उडी चुकली. आम्ही ते खोडून काढले नाही. प्रथम भीतीने, मग संकोचाने, आणि शेवटी एवढा काळ लोटल्यावर आता सांगून काय होणार, या सबबीने.

वाट्या तशाच ठेवून मिस्त्री जेवायला गेले. पुतण्या त्यांना सोडायला गेला. पडवीत आम्ही दोघेच उरलो. आता हाच चिमटा एका तरुण मुलाच्या हाती जाणार होता. आम्ही त्याला मापाचे, दक्षतेचे चार शब्द सांगणार, आणि आमचे स्वतःचे माप असे! आम्ही म्हणालो, “दादा, डाव्या पायात तेल नव्हतंच.” आणि सगळे सांगितले. बाटली, अंधार, राख, सिनेमा.

दादा वाटीतले तेल बोटाने चाळवीत होते. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “ठाऊक आहे मला.”

आम्हांला शब्द सुचेना.

“सकाळी पडवीत राखेचा वास होता. फरशी निसरडी होती. मी हँडल दाबून पाहिलं. तू दाबलं असशील तसं नव्हे. सगळा भार टाकून. तोंड भस्सकन वर आलं. मला कळलं एका पायात तेल कमी आहे. दुकान उघडायला दहा वाजणार आणि शर्यत नऊला. म्हटलं, तीन-चार फेऱ्यांचा तर प्रश्न आहे.” ते थांबले. “घाई तुझी एकट्याची नव्हती.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाही तुम्ही?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. मग सवय झाली.” त्यांनी बोट फडक्याला पुसले. “आणि उडीही चुकलीच होती. तेल पुरतं असतं तरी पडलो असतो की नसतो, ते आता कोण मोजणार?”

वाचकहो, येथे आमच्या डोळ्यांत पाणी आले वगैरे लिहिण्याची प्रथा आहे. खरे सांगायचे तर आम्हांला प्रथम रागच आला. चाळीस वर्षे जे ओझे आपले एकट्याचे म्हणून वाहिले, त्याचे अर्धे टोक दुसऱ्याने धरले होते आणि आम्हांला कळूही दिले नव्हते. राग उतरायला दोन दिवस लागले. त्यानंतर मात्र काम सुरू झाले, आणि ते आम्ही तिघांनी मिळून केले.

चिमटा सुटा झाल्यावर दादांनी नळ्या उद्यमबागेत ओळखीच्या जागी नेल्या. दोन व्ही-ठोकळ्यांवर नळी ठेवून, वर डायल गेजचा काटा टेकवून, ती सावकाश फिरवायची. काटा जेवढा हलतो, त्याच्या निम्मा बाक. काट्याचा फरक सामान्यतः दोन दशांश मिलिमीटरहून अधिक चालत नाही. उजवी नळी त्यात बसली. डावीचा फरक एक मिलिमीटरहून अधिक भरला. पुतण्या म्हणाला, “एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.” दादांनी त्याला नळी धुऊन खालच्या नळीत सरकवायला दिली. ती एका ठिकाणी अडली. “आता सांग, काहीच नाही का?”

नळीला चुणी पडली असती तर ती टाकूनच द्यावी लागली असती, कारण चुणी पडलेले पोलाद सरळ दिसले तरी विश्वासाचे राहत नाही. येथे नुसता लांब बाक होता. तो प्रेसवर थोडा थोडा दाबून काढला. हे काम क्रोमच्या आधी करायचे. मागाहून केले तर मुलाम्याला तडे जातात. मग जुने क्रोम उतरवले, गंजाचे खड्डे जातील इतके ग्राइंडिंग केले, नव्याने हार्ड क्रोम चढवले आणि पुन्हा ग्राइंडिंग करून नळी मूळ मापावर आणली. तीन आठवडे गेले. नवी नळी मिळाली असती तर ते सोपे होते. पण बाजारात दाखवलेल्या एका जोडीचे क्रोम दादांनी अंगठ्याने चाचपले आणि परत ठेवले.

स्प्रिंगा दोन्ही फरशीवर शेजारी उभ्या केल्या. दोन्ही मूळ मापाहून आखूड झालेल्या, आणि दोहोंत आपसांतही फरक. मिस्त्रींनी सुचवले, की वर पाईपचा तुकडा घालून दाब वाढवूया. ही युक्ती सर्वत्र चालते, आणि तिचा उपयोगही आहे. परंतु तुकडा घातल्याने स्प्रिंग कडक होत नाही, नुसती गाडी वर उचलली जाते. मऊ झालेली स्प्रिंग मऊच राहते. म्हणून नवी जोडी घेतली आणि मग गाडीची बसण्याची उंची तुकड्याने जमवली. पुतण्या गाडीवर बसला असता पुढची एकूण उसळी साधारण तिसऱ्या हिश्शाने खाली बसावी, असा ठोकताळा. तो टेप लावून पाहिला.

सील बसवतानाही एक पथ्य आहे. नळीच्या वरच्या कडेला धार असते. सील त्यावरून ओढले की त्याचा ओठ कापला जातो आणि कापल्याचे कळतही नाही. दादांनी वहिनींकडून दुधाची रिकामी पिशवी मागवली, ती नळीच्या तोंडावर चढवली, वर तेलाचा हात फिरवला आणि सील अलगद खाली उतरवले. मग त्याच मापाचा पीव्हीसी पाईपचा तुकडा लावून ते जागेवर ठोकले. स्क्रूड्रायव्हरने चहूबाजूंनी टोचून नव्हे.

तेलाची बाटली दादांनी आमच्या हाती दिली. “भर. मापानं.” एवढेच म्हणाले. पुतण्या जवळच होता. त्याला त्या शब्दांत विशेष काही वाटले नाही. मोठ्या सिरिंजने पुस्तिकेप्रमाणे तेल मोजून आम्ही उजवा पाय भरला, मग डावा. चिमटा सावकाश वरखाली करून आतली हवा काढली. मग स्प्रिंगा बाहेर ठेवून आणि दोन्ही पाय पूर्ण दाबून, वरच्या तोंडापासून तेलाच्या पातळीपर्यंत पोलादी पट्टी घालून पाहिले. कारण तेलावर कोंडलेली हवा हीदेखील एक स्प्रिंगच असते. पातळी जितकी वर, तितकी ती शेवटी अधिक कडक होते. दोन्ही पायांत दोन मिलिमीटरांचा फरक निघाला. आम्ही तो काढून टाकला आणि पुन्हा मोजले. मग पट्टी दादांकडे दिली. त्यांनी न मोजता ती फडक्याने पुसून पेटीत ठेवली.

चाक बसवताना ॲक्सलचे नट आवळले, पण पायाचा पकडबोल्ट ढिला ठेवला. ब्रेक धरून पुढचा भाग सहासात वेळा दाबला, म्हणजे दोन्ही पाय आपापली समांतर जागा घेतात. आणि मगच शेवटचा बोल्ट आवळला. ही पायरी गाळली तर सगळे नवे घालूनही चिमटा अडखळतो, आणि माणूस तेलाला दोष देत बसतो.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरातील एका रविवारी गाडी टेम्पोत घालून माळावर नेली. जुना माळ आता राहिला नाही, तेथे वसाहत झाली. हा दुसरा, तांबड्या मुरमाचा. पुतण्याने अर्धा तास मनसोक्त फिरवली. परत आला तो चेहरा धुळीने लाल झालेला. “काका, पुढं काही जाणवतच नाही,” म्हणाला. उलट्या चिमट्याचे त्याने अजून सोडलेले नाही. त्यासाठी तो वेगळी गाडी घेणार आहे, आणि ते योग्यच आहे.

मग दादा म्हणाले, “दे इकडे.” वहिनी आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही त्यांच्याकडे. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला नाही म्हणायचे ते कोणी? “हेल्मेट घाला,” एवढेच त्या म्हणाल्या.

दादांनी पहिल्याच खटक्याला गाडी सुरू केली आणि पहिल्या गिअरवर, सायकल चालवावी तशी, माळाच्या कडेने नेली. वाटेत शेताचा एक लहानसा बांध होता. तो चुकवून जाता आले असते. ते उभे राहिले, गुडघे किंचित वाकवले, आणि गाडी सरळ त्यावर घातली. पुढचे चाक बांधावर चढले, पलीकडे उतरले. चिमटा खाली बसला आणि सावकाश वर आला. एकदाच.

आता ती गाडी पडवीतच असते, पण उघडी. फरशीवरचा डाग घासून निघाला नाही. आम्हीही फार घासला नाही. एखाद्या वाचकाच्या घरीही अशी जुनी गाडी असेल, आणि तिचा चिमटा सोडण्याचा विचार असेल, तर आमचे एवढेच सांगणे आहे: तेल आधी काढा, दोन्ही पायांचे काढा, आणि वेगवेगळ्या भांड्यांत काढा.